जितके घाव तितकं घट्ट : मँगनीज पोलादाचे जनक रॉबर्ट हॅडफिल्ड
पुण्यतिथी विशेष

मूर्तिजापूर, दि. ३० : मूर्तिजापूर स्टेशनवर मालगाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तेव्हा फलाटावर उभ्या माणसाला खडाक-खडाक असा आवाज ऐकू येतो. दोन रूळ जिथं एकमेकांना छेदतात, तिथं चाकाची कड पार व्हावी म्हणून थोडी फट ठेवलेली असते. चाक त्या फटीवरून उडी घेतं आणि पुढच्या लोखंडी नाकावर आदळतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत घाव बसून जातो. मालगाडीच्या एका डब्याला चाकांच्या चार जोड्या, एका गाडीला पन्नासच्या वर डबे आणि मुंबई-हावडा मार्गावर दिवसरात्र गाड्या. हिशेब केला तर त्या एवढ्याशा नाकाला दिवसाकाठी हजारो घाव सोसावे लागतात.

रेल्वेवाले या जागेला क्रॉसिंग म्हणतात. (रस्त्यावरचं फाटक वेगळं.) इथं साधं पोलाद लावलं तर ते लवकर झिजतं. जास्त कडक पोलाद लावलं तर तडकायची भीती. म्हणून भारतीय रेल्वे अशी क्रॉसिंगं मोठ्या प्रमाणावर मँगनीज पोलादाची ओतून घेते. हे पोलाद जसजसे घाव खातं तसतसं वरून आणखी कडक होत जातं आणि आतून चिवटच राहतं. ते शोधून काढणारे इंग्लंडचे सर रॉबर्ट हॅडफिल्ड यांचं ३० सप्टेंबर १९४० रोजी निधन झालं. एका काळी जगभरच्या पोलाद कारखान्यांत माहीत असलेलं हे नाव आज फारसं कुणाच्या तोंडी नाही. त्यांच्या पोलादावरून मात्र रोज लाखो प्रवासी जातात.

चाकू-वस्तऱ्यांच्या गावात जन्म

रॉबर्ट ॲबट हॅडफिल्ड यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८५८ चा. गाव शेफिल्ड, त्यातला ॲटरक्लिफ हा कारखान्यांचा भाग. शेफिल्डचे चाकू, कात्र्या आणि वस्तरे त्या वेळी जगभर विकले जात. वडिलांचं नावही रॉबर्टच. त्यांचा पोलादाचे भाग ओतून द्यायचा कारखाना होता. त्या काळात बिडाचं ओतकाम सगळीकडे चालायचं, पण पोलाद ओतणं अवघड काम होतं. ओतलेल्या भागात हवेच्या पोकळ्या राहायच्या आणि माल परत यायचा.

पोरगं अभ्यासात हुशार होतं. पैसाही होता. शाळा संपल्यावर मोठ्या विद्यापीठात जाता आलं असतं, पण रॉबर्ट यांनी कारखान्याची वाट धरली. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात थोडे दिवस काम शिकले आणि मग वडिलांच्या हाताखाली आले. तिथं त्यांनी आपल्यापुरती छोटी प्रयोगशाळा मांडली. भट्टीतून निघालेल्या मालात काय किती पडलं, तो किती तापवला, कसा थंड केला आणि ठोकल्यावर काय झालं, हे सगळं वहीत उतरवायची सवय त्यांना तिथंच लागली. पुढं सगळं याच सवयीनं घडवलं.

आपल्या लोहाराला ठाऊक असलेली गोष्ट

हॅडफिल्ड यांनी काय केलं हे कळायला गावच्या लोहाराकडं जाऊ. विळा किंवा कुऱ्हाड घडवून झाली की लोहार ती भात्यावर लाल करतो आणि चर्रकन पाण्यात बुडवतो. याला पाणी देणं म्हणतात. पाणी दिलं की धार कडक होते. पण पाणी जास्त झालं तर तीच कुऱ्हाड बाभळीच्या गाठीवर पडताच धारेचा तुकडा उडतो. म्हणून जाणता लोहार पाणी दिल्यावर अवजार पुन्हा थोडं शेकतो, रंग पिवळसर-जांभळा होईपर्यंत वाट पाहतो आणि मग थांबतो. कडकपणा थोडा जातो आणि चिवटपणा येतो.

म्हणजे लोखंड तेच, कोळसा तोच, ऐरणही तीच. तापवलं कसं आणि थंड केलं कसं, एवढ्यावर अवजाराचं नशीब ठरतं.

यात घावाच्या वेगाचाही मोठा भाग असतो. हळूहळू दाब दिला तर पोलादाला वाकायला, ताणायला सवड मिळते. घाव झटक्यानं बसला तर ती सवड राहत नाही. हिरवी पऱ्हाटी वाकते, वाळलेली पऱ्हाटी काडकन मोडते, तसाच फरक. आणखी एक गोष्ट आहे. छिन्नीवर दणादण घण मारले की तिचं डोकं हाताला गरम लागतं, कारण घावाची ताकद उष्णतेत बदलते. घाव फार वेगाचा असला तर ही उष्णता पसरायच्या आत एका बारीक पट्ट्यात कोंडते. अतिकडक पोलाद त्या पट्ट्यात नरम पडतं आणि तिथूनच फाटतं. म्हणून संथ ओझं पेलणारं पोलाद झटक्याला टिकेलच असं नाही.

जिथं बाकीचे थांबले तिथून पुढं

पोलादात मँगनीज घालणं नवीन नव्हतं. शंभर किलोला किलोभर किंवा त्याहून कमी मँगनीज पडलं की पोलाद सुधारतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण प्रमाण तीन-चार किलोवर गेलं की पोलाद इतकं ठिसूळ व्हायचं की हातोड्यानं त्याचा चुरा व्हावा. त्यामुळं जास्त मँगनीज म्हणजे माल वाया, हे ठरूनच गेलं होतं. तिथून पुढं कुणी जात नव्हतं.

ट्रामगाडीच्या चाकांना चालेल असं कडक पोलाद हॅडफिल्ड शोधत होते. फ्रान्समधले कारखाने मँगनीज भरपूर असलेलं मिश्रण तयार करू लागल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. ते मिश्रण घेऊन त्यांनी प्रमाण वाढवत नेलं. सुरुवातीला माल ठिसूळच निघाला. तरी ते थांबले नाहीत. १२ टक्क्यांच्या पुढं गेल्यावर चित्र पालटलं. ही गोष्ट १८८२ ची. तेव्हा ते २३ वर्षांचे होते.

शंभर किलोत १२ ते १४ किलो मँगनीज आणि किलो-सव्वा किलो कार्बन असलेलं हे पोलाद ओतून हळूहळू थंड होऊ दिलं, तर ते ठिसूळच राहायचं. मात्र ते पिवळसर दिसेपर्यंत, म्हणजे साधारण हजार अंशांवर तापवून एकदम पाण्यात बुडवलं, की वाकवलं तरी तुटेना. साध्या पोलादाला पाणी दिलं की ते कडक आणि ठिसूळ होतं. इथं पाणी दिल्यावर पोलाद चिवट झालं. लोहाराच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाच्या नेमकं उलट.

दुसरं आश्चर्य लोहचुंबकाचं. या पोलादात शंभरात ८५ भाग लोखंडच असतं, तरी लोहचुंबक त्याला चिकटत नाही.

आणि तिसरी गोष्ट सर्वात कामाची. त्यावर घाव घातले की घाव बसलेली जागा दुपटीहून जास्त कडक होते. आतला भाग मात्र तसाच चिवट राहतो. वरचा थर झिजला तर पुढचे घाव खालच्या थराला कडक करतात.

असं का होतं?

पोलाद दिसायला एकसंध दिसतं, पण ते बारीक दाण्यांचं बनलेलं असतं. मँगनीज पोलाद हळूहळू थंड झालं की त्यातला कार्बन दाण्यांच्या कडेला येऊन बसतो आणि तिथं ठिसूळ थर तयार होतो. पक्क्या विटांची भिंत भुसभुशीत मातीत बांधावी तशी गत होते. विटा चांगल्या, पण धक्का बसला की जोड उकलतात. एकदम पाण्यात बुडवलं तर कार्बनला बाहेर यायला वेळच मिळत नाही. तो दाण्यांच्या आत विरघळलेला राहतो आणि जोड स्वच्छ राहतात.

पुढं घाव बसला की दाण्यांच्या आतले थर सरकतात आणि एकमेकांत अडकतात. जितके घाव जास्त, तितके अडकलेले थर जास्त आणि तितका कडकपणा जास्त. आतली ही रचना शास्त्रज्ञांना पुढं सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरणांच्या मदतीनं उलगडत गेली. हॅडफिल्ड यांच्याकडं सुरुवातीला भट्टी, पाण्याची टाकी, हातोडा आणि वही एवढंच होतं.

शेतकऱ्याच्या मनात येईल, मग वखराची पास याचीच का करू नये? त्याचं उत्तर याच गुणात आहे. हे पोलाद कडक होतं ते जोरदार घावानं. नुसत्या मातीच्या घासण्यानं ते कडक होत नाही, म्हणून काळ्या जमिनीत चालणाऱ्या अवजाराला त्याचा तेवढा फायदा नाही. त्याची खरी जागा गिट्टी क्रशरच्या जबड्यात आणि रुळांच्या क्रॉसिंगवर.

शोध लागला, गिऱ्हाईक मिळेना

हॅडफिल्ड यांनी १८८३ मध्ये पेटंट घेतलं. पण लगेच पैसे आले असं झालं नाही. या पोलादाला भोक पाडायला गेलं की हत्यार लागताच तीच जागा कडक व्हायची आणि हत्यार बोथट व्हायचं. कापायचं कसं, घडवायचं कसं, कुणालाच कळत नव्हतं. शेवटी ते हव्या त्या आकारात ओतायचं आणि सहाणेच्या चाकावर घासून नीट करायचं, अशी पद्धत बसली. कुठं वापरायचं हे उमगायलाही वेळ गेला. मग ट्रामच्या आणि रेल्वेच्या सांध्यांत, खाणीतल्या दगड फोडणाऱ्या यंत्रांत आणि गाळ काढणाऱ्या यंत्रांच्या बादल्यांत ते बसवलं गेलं आणि कारखान्याचं नाव झालं.

१८८८ मध्ये वडील वारले आणि अवघ्या २९ व्या वर्षी सगळा कारभार रॉबर्ट यांच्या अंगावर पडला. त्याच वर्षी त्यांनी लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढं आपल्या प्रयोगांचा निबंध मांडला. पुढं १९०८ मध्ये सर ही पदवी आणि १९०९ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. विद्यापीठाची पायरी न चढलेला हा कारखानदार शास्त्रज्ञांच्या पंगतीत जाऊन बसला.

विदर्भाचं मँगनीज

या गोष्टीचा एक धागा आपल्या विदर्भातही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट भागात मँगनीजच्या खाणी जोरात सुरू झाल्या. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावं त्यातलीच. पहिल्या महायुद्धाआधी जगाला मँगनीज पुरवणाऱ्या मोठ्या देशांत भारत होता. आपल्या मजुरांनी खणलेलं काळं दगडी खनिज रेल्वेनं बंदरावर जायचं आणि बोटीनं इंग्लंडसह दूरच्या देशांना. त्यातलं बरंचसं साध्या पोलादाच्या कामी यायचं. खनिज इथलं, पण त्याचं पोलाद करायची विद्या आणि नफा तिकडं, असा तो काळ होता. आज या खाणी मॉइल ही सरकारी कंपनी चालवते आणि तिचं मुख्यालय नागपुरात आहे.

डोक्यावरचं शिरस्त्राण आणि तोफेतला गोळा

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. खंदकातल्या सैनिकांच्या डोक्यावर कापडी टोप्या होत्या, तर फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी सैनिकांच्या डोक्याला फेटे. वरून तोफगोळे फुटायचे आणि लोखंडाचे तुकडे, गोळ्या पावसासारख्या पडायच्या. डोक्याला लागलेला घाव बरेचदा जीवघेणा ठरायचा. १९१५ मध्ये जॉन ब्रोडी यांच्या नमुन्यावर इंग्लंडनं पसरट काठाचं शिरस्त्राण काढलं. आधी ते साध्या पोलादाचं होतं. त्याच वर्षी त्यासाठी हॅडफिल्ड यांचं मँगनीज पोलाद वापरायला सुरुवात झाली.

इथं त्या पोलादाचा गुण कसाला लागला. वेगानं आलेला तुकडा आदळला की ठिसूळ पोलाद फुटलं असतं आणि त्याचेच तुकडे डोक्यात गेले असते. नरम पोलाद भोसकलं गेलं असतं. हे पोलाद आत दबायचं, ताणायचं, त्या जागी कडक व्हायचं आणि बहुतेक वेळा तुकडा अडवायचं. जवळून आलेली बंदुकीची सरळ गोळी त्यानं थांबेलच असं नव्हतं. तरी अशी लाखो शिरस्त्राणं बनली आणि असंख्य सैनिक घरी परतले.

पण गोष्ट इथं संपवली तर ती अर्धी राहील. हॅडफिल्ड यांचा कारखाना त्याच युद्धात तोफगोळ्यांचाही मोठा कारखाना होता. हजारो माणसं आणि बाया तिथं राबत होत्या. जहाजाची जाड पोलादी भिंत भेदणारे गोळे तिथं बनत. त्यांनाही पाणी द्यायची खास रीत होती. टोक अतिकडक ठेवायचं आणि बुडाकडं कडकपणा कमी करत न्यायचा, म्हणजे आदळताना टोक बोथट होत नाही आणि बूड फुटत नाही. डोकं वाचवणारं पोलाद आणि जीव घेणारा गोळा, दोन्ही एकाच विद्येतून आणि एकाच मालकाकडून निघाले. १९१७ मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यांच्या पत्नी, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या फ्रान्सेस, युद्धकाळात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांसाठी रुग्णालय चालवत होत्या. नवऱ्याच्या कारखान्यात गोळे आणि बायकोच्या रुग्णालयात जखमी, असा तो संसार होता.

डीपीच्या आतलं पोलाद

हॅडफिल्ड यांची दुसरी कामगिरी प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीची आहे, फक्त ती डब्यात बंद असते. मँगनीजसारखेच त्यांनी पोलादात सिलिकॉन घालूनही प्रयोग केले. डब्लिनचे प्राध्यापक विल्यम बॅरेट यांच्यासोबत त्यांनी या मिश्रणांचे विजेचे आणि चुंबकाचे गुण तपासले. थोडं सिलिकॉन असलेलं पोलाद योग्य रीतीनं तापवून थंड केलं की रोहित्राच्या गाभ्यात वाया जाणारी वीज बरीच कमी होते, असं दिसून आलं. गावच्या डीपीत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुंडाळ्यांच्या मधोमध ज्या पातळ पत्र्यांचा थर असतो, तो आजही मुख्यतः सिलिकॉन पोलादाचाच.

म्हणजे एकाला चुंबक चिकटत नाही, तर दुसरं चुंबकाच्याच कामाचं. दोन्हींवर एकाच माणसाचं नाव.

आठ तासांची पाळी

मुंबईच्या गिरण्यांत कामगार बारा-बारा तास आणि कधी त्याहून जास्त राबत होते, त्या १८९० च्या दशकात हॅडफिल्ड यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. तास कमी केले की माल कमी निघेल, ही मालकांची नेहमीची भीती. त्यांनी १८९२ मध्ये एका सहलेखकासोबत कमी तासांच्या बाजूनं पुस्तकच लिहिलं. पोलादाबाबत जसं सगळ्यांचं ऐकून न थांबता करून पाहिलं, तसंच इथंही केलं.

दिल्लीचा लोहस्तंभ आणि जुनी पेटी

जुन्या लोखंडाचं त्यांना वेड होतं. दिल्लीच्या कुतुबमिनारजवळच्या लोहस्तंभाचे नमुने त्यांनी तपासले. श्रीलंकेतल्या प्राचीन लोखंडावर १९१२ मध्ये निबंध लिहिला. फॅरेडे यांनी शंभरेक वर्षांपूर्वी पोलादावर प्रयोग केले होते आणि त्यात भारतातून गेलेलं वुट्झ पोलादही अभ्यासलं होतं. त्यांच्या नमुन्यांची पेटी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पडून होती. म्हातारपणी हॅडफिल्ड यांनी ती मिळवून त्यातले ७९ नमुने तपासले आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. दक्षिणेतल्या लोहारांची विद्या शास्त्रज्ञांना किती कामाची वाटली होती, हे त्यातून दिसतं.

आज काय उरलं?

हॅडफिल्ड यांना मूलबाळ नव्हतं. ते गेले आणि बॅरोनेटचा किताबही त्यांच्यासोबत संपला. १९८० च्या दशकात शेफिल्डचा कारखाना बंद पडला. जिथं भट्ट्या पेटायच्या तिथं १९९० पासून मेडोहॉल नावाचा मोठा मॉल उभा आहे.

पोलाद मात्र चालू आहे, आणि १८८२ चा धडाही. गावोगावच्या वेल्डिंग दुकानात गिट्टी क्रशरचे जबडे भरायला येतात. लोहचुंबक चिकटत नसेल तर समजावं की हे मँगनीज पोलाद असू शकतं. (घाव खाऊन कडक झालेल्या जागी चुंबक थोडा ओढ देऊ शकतो.) अशा मालाला एकाच जागी सारखी आच देऊन लाल करू नये. लहान-लहान टाके मारावे, मधून थंड होऊ द्यावं. नाहीतर कार्बन पुन्हा दाण्यांच्या कडेला येतो, पोलाद ठिसूळ होतं आणि भरलेला जबडा पहिल्याच मोठ्या दगडाला तडकतो. त्यात गिट्टीवाल्याचे पैसे जातात, आणि तुकडा उडाला तर मजुराच्या जिवावर बेतू शकतं.

मूर्तिजापूर स्टेशनवरून पुढची मालगाडी जाईल तेव्हा तो खडाक आवाज पुन्हा येईल. त्या नाकावर आणखी एक घाव बसेल आणि ते आणखी थोडं कडक होईल.